लुक्कातल्या चर्चमधली फरशी

आई कराडच्या गल्ल्यांतून ओरडत फिरायची, "टाकी लावायची का टाकीऽऽ, पाट्याला, जात्याला टाकीऽऽ." पाटा वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झाला की वाटण नुसतं सरकत राहतं, वाटलं जात नाही. मग छिन्नी-हातोडीनं त्याच्या अंगावर बारीक टोचे मारून तो पुन्हा खरखरीत करायचा. याला टाकी लावणं म्हणतात. हे सविस्तर लिहितेय, कारण आता चांगल्या शिकलेल्या मराठी माणसांनाही ते समजावून सांगावं लागतं.

वडील खाणीवर होते. खडी फोडताना उडणारी भुकटी छातीत बसली आणि मी चौथीत असताना ते गेले. मग आई आणि मी, दोघीच. सुट्टीच्या दिवशी छिन्न्यांची पिशवी माझ्या खांद्यावर असायची. लोक पाटा मागच्या अंगणात, मोरीपाशी आणून ठेवत. घरात कुणी बोलावत नसे. पाणी मागितलं तर ओंजळीत वरून ओतत. त्यातच माझ्या वर्गातल्या मुलींची घरं असायची. त्या खिडकीतून बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत बाकावर कंपासपेटी आपटून "टाकीऽऽ" करायच्या.

मग घरोघरी मिक्सर आले. बायका दारातूनच हात हलवायच्या, "आता मिक्सर घेतलाय गं आम्ही." जणू ही बातमी ऐकून आम्हाला आनंदच व्हायला हवा. त्या वर्षी आम्ही कित्येक दिवस एकदाच जेवलो. आई मग बांधकामावर जायला लागली आणि आठवड्याच्या बाजारादिवशी आसपासच्या खेड्यांतून टाकी लावायला.

मी शिकले. कुणाच्या मेहेरबानीनं नाही, मार्कांवर शिकले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. सरकारी कॉलेजातून सिव्हिल केलं आणि जुन्या इमारतींच्या दगडांचा अभ्यास करायला मॅसॅच्युसेट्सला मास्टर्सला आले.

राहायला तिथल्या श्रूजबरी गावात, एका मराठी कुटुंबाच्या बेसमेंटमधली खोली. घरमालकीण काकू मनानं वाईट नव्हत्या. पण त्यांना माझी काळजी फार, आणि ती काळजी नेहमी पाहुण्यांसमोरच दाटून यायची.

"हिचं ना, दगडांवर मास्टर्स आहे," त्या सांगायच्या. मग माझ्याकडे वळून, "अगं, पण जॉब कुठे मिळणार यात? आमच्या भाच्यानं डेटा सायन्स केलं, दोन महिन्यांत प्लेस झाला."

"मिळेल, काकू."

"मिळू दे बाई. नाहीतर एखादा कोर्स कर ऑनलाइन. टेस्टिंगचा वगैरे."

त्याच दिवाणखान्यात, कोपऱ्यात, लोखंडी स्टँडवर एक पाटा उभा केलेला होता. वरून दिवा सोडलेला, बाजूला पितळी समई. काकू त्याला 'एथनिक कॉर्नर' म्हणत. "आमच्या सासूबाईंचा. हँड-कार्व्हड आहे हं," असं त्या कौतुकानं सांगायच्या आणि पाहुणे वाकून बघायचे. मीही बघितला होता. पाटा खरोखर वापरातला होता, मधे छान खोल गेलेला, आणि कुणीतरी त्याला स्वच्छ हातानं टाकी लावलेली होती. पण मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं माहीत? एरवी मी फार फटकळ आहे. त्या एका प्रश्नापुरती मात्र मी भित्री होते. हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं आहे.

आता आमचे प्रोफेसर. उंच, मृदू बोलणारे, गळ्यात कायम मफलर. त्यांना मध्ययुगीन चर्चेसचं वेड होतं, तेही कुणी बघत नाही अशा चर्चेसचं. प्रसिद्ध ठिकाणी जाणारे लोक त्यांच्या मते पर्यटक. अप्रसिद्ध ठिकाणी जाणारे ते स्वतः. इटलीत लुक्का नावाचं तटबंदीचं जुनं शहर आहे. तिथल्या एका गल्लीतल्या लहानशा चर्चमध्ये बाजूच्या वेदीसमोर जमिनीत बसवलेली एक फरशी आहे. फरशीला मधोमध लांबट खड्डा पडलाय आणि खड्ड्यात बारीक खुणा आहेत. प्रोफेसरांचा सिद्धान्त असा, की शेकडो वर्षं भाविक त्या जागी गुडघे टेकत आले, म्हणून तो खड्डा पडला, आणि खुणा म्हणजे भाविकांनी कोरलेली श्रद्धेची चिन्हं. यावर त्यांच्या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण येणार होतं.

आणि माझा प्रबंध याच खड्ड्यावर होता. किती वजनाच्या माणसांनी, किती वर्षं, किती वेळा गुडघे टेकले म्हणजे या दगडाची एवढी झीज होईल, हे मी गणित मांडून दाखवायचं होतं. फोटो आणि मोजमापं त्यांनी दिली होती. मी चार महिने गुडघे मोजत होते. गणितातून येणारा खड्डा खऱ्या खड्ड्याशी जुळत नव्हता म्हणून दुसऱ्या प्रकरणात एक गृहीतक घातलं होतं, 'भाविक दोन्ही गुडघे एकमेकांना जुळवून टेकत असत.' खड्डा एकच होता ना, म्हणून. मे महिन्यात माझी असिस्टंटशिप संपणार होती. त्याच्या आत प्रबंध पास झाला तर डिग्री, नाहीतर बॅग भरून परत. सगळं त्या एका खड्ड्यावर अवलंबून होतं.

जानेवारीत प्रोफेसर आम्हा चौघा विद्यार्थ्यांना घेऊन लुक्काला गेले. पहिल्या दिवशी मी त्या चर्चकडे बघितलं आणि मनात म्हटलं, एवढ्यासाठी समुद्र ओलांडला? समोरच्या भिंतीत पांढऱ्या आणि करड्या दगडांचे पट्टे, वर खांबांची एक बुटकी रांग, तिच्यातले दोन खांब गायब. दारावरच्या सिंहाला नाक नव्हतं. किल्ली पलीकडच्या बेकरीत मागायची. बेकरीवालीनं ती आमच्याकडे न बघताच काउंटरवर सरकवली, पिठाच्या हातानं. आत गोठवणारी थंडी, ओल, आणि एका भिंतीवर चित्रातल्या संतांचे उरलेसुरले पाय. संतांचं बाकीचं अंग पोपडे होऊन गळून गेलं होतं. प्रोफेसर हात जोडून उभे राहिले आणि पुटपुटले, "अनटच्ड. पूर्णपणे अनटच्ड." त्यांच्या मागच्या भिंतीवर ट्यूबलाइट होती आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत.

आमच्यातली एक मुलगी त्या फरशीपाशी गुडघे टेकून बसली आणि डोळे मिटले. मग दुसऱ्यानं तिचा फोटो काढला. मग ती उठून गुडघे चोळत म्हणाली, तिला काहीतरी जाणवलं. मला वाटलं, जाणवणारच, जानेवारी आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. इटलीत जेवण म्हणजे दोन तास. मी ब्रेड-चीज खाऊन चर्चमध्येच थांबले, कारण मला मोजमापं पुन्हा घ्यायची होती. माझ्याबरोबर नागपूरचा सीनियर होता. आमच्या लॅबमध्ये तो पीएच.डी. करत होता आणि यंत्रं त्याच्या ताब्यात असायची. तो खुर्चीत बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होता. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला.

"जेवलीस का?"

"जेवले. तू?"

"दुपारीच. काय बघतीस आज?"

मी फोन फिरवून चर्च दाखवलं.

"देव कुठाय?"

"तो काय, वर. क्रूसावर."

"उघडाच की गं. एवढ्या थंडीचा." मग ती म्हणाली, "आन् हे पाय कुणाचं?"

"संतांचे. वरचं चित्र गेलंय."

"पाय तरी हायत." आई हसली. "थांब, थांब. फोन खाली धर. हां. आं? ह्यो पाटा हितं कसा आला?"

"पाटा नाही आई. ही फरशी आहे. लोक इथे गुडघे टेकायचे. त्यानं झिजलीय."

"कोण म्हणालं?"

"सर म्हणाले."

"सरांनी कधी मिरची वाटलीया का?"

मागे नागपूरचा फिसकन हसला. त्यानं क्रिकेट बंद केलं.

"आई, ऐक ना. त्यांचा तीस वर्षांचा अभ्यास आहे."

"आसंल. मला सांग, गुडघं टेकायच्या जागंला टाकी कोण लावंल? भक्तांची कातडी सोलायला?"

"त्या खुणा आहेत. लोकांनी कोरलेल्या."

"कसल्या खुणा! जवळ ने. आणखी जवळ. ह्या बघ तिरक्या रांगा. आन् त्यावरनं उलट्या तिरक्या. मी काय वेगळं करती? दोनदा टाकी लावलीया ह्याला, मधी लई दिवस गेल्यात. पहिली झिजून फिकी झालीया, दुसरी ताजी हाय. आन् माणसाला गुडघं किती?"

"दोन."

"मग खड्डा एकच कसा?"

माझं दुसरं प्रकरण डोळ्यासमोर आलं. जुळवून टेकलेले गुडघे.

"तुझं लक्ष कुठाय गं?" आई खरोखर चिडली होती. "माझ्या शेजारी बसून पाट्यांवर पाणी ओतायचीस तू. तुला पाटा वळखू येईना?"

दगड तोच, आणि मी तो लहानपणापासून बघत आलेली. पण कुणीतरी इंग्रजीत त्याचं दुसरं नाव सांगितलं आणि मी चार महिने मान डोलावली. इतरांना नावं ठेवते तशी मी स्वतःलाही ठेवते, म्हणून लिहिते. तो मूर्खपणा प्रोफेसरांपेक्षा माझा मोठा होता. त्यांनी आयुष्यात पाटा बघितला नव्हता.

"आता टोच्यांत बघ," आई म्हणाली. "पाटा कितीबी धू, टोच्यांत राहतंयच. हळद हाय का मिरची, बघ."

मी पालथी पडून टॉर्च मारला. टोच्यांच्या तळाशी लाल कण होते. ते मला माहीत होते. प्रोफेसरांच्या टिपणात त्यांची नोंद 'गंज, बहुधा लोखंडी मेणबत्तीदाणीचा' अशी होती.

"लाल आहे," मी म्हटलं.

"मग झालं तर. काय वाटलंय ते तू शोध. मला सैपाकाला लागायचंय." आईनं फोन ठेवला.

आमच्याकडे एक यंत्र होतं, हेअर ड्रायरसारखं दिसणारं. दगडावर किंवा रंगावर टेकवलं की त्यात कोणते धातू आहेत ते स्क्रीनवर सांगतं, खरवडावं लागत नाही. भिंतीवरच्या पायांचे रंग तपासायला ते आणलं होतं. ते फरशीवर लावायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"लावून बघू या?" मी म्हटलं.

"कशाला पंगा घेतेस यार," नागपूरचा म्हणाला. "समज, तुझी आई बरोबर निघाली. मग तुझा टॉपिकच गेला ना! मेमध्ये काय सबमिट करणार तू? घंटा?"

"आणि समज, मी सबमिट केलं आणि नंतर कुणीतरी पाटा ओळखला?"

"इथे कोण ओळखणार आहे पाटा?"

"मी."

त्यानं उसासा टाकला आणि यंत्र उचललं. फरशीवर टेकवून ट्रिगर दाबला, मिनिटभर धरला. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. पारा. लोखंड होतं नावापुरतं, पारा भरपूर. गंजात पारा नसतो. पारा असतो हिंगुळात. जुने चित्रकार भडक लाल रंगासाठी हिंगूळ दगडावर वाटायचे. मग त्यानं यंत्र भिंतीवरच्या संतांच्या पायघोळ कपड्याच्या लाल काठाला लावलं. तिथेही पारा.

म्हणजे चर्च रंगवणाऱ्यांनी रंग वाटायला वापरलेला दगड होता तो. रंग मऊसूत करायचं शेवटचं काम ते गुळगुळीत दगडावर करत असणार. आधीचं जाडंभरडं काम या खरखरीत दगडावर, असा माझा अंदाज. काम संपलं आणि त्यांनी तो जमिनीत बसवून टाकला, कारण चांगला दगड कोण फेकून देतो? पुढे लोक त्यावर गुडघे टेकू लागले असतील, नसतील. त्यांच्या भक्तीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खड्डा त्यांचा नव्हता.

प्रोफेसर वाइन पिऊन खुशीत परतले. मी आकडे दाखवले आणि सरळ सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मफलर सारखा केला आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." अमेरिकेत दीड वर्ष काढल्यावर कळतं, हा शब्द लोक दार लावून घेताना वापरतात.

"आणि दगडाची ओळख कुणी पटवली?"

"माझ्या आईनं."

"ओह! तिचं बॅकग्राउंड काय?"

"दगड," मी म्हटलं.

ते छान हसले. "किस्सा म्हणून सुंदर आहे. पण रंग नंतर सांडलेला असू शकतो. परीक्षकांच्या कमिटीला किस्से चालत नाहीत. त्यांना डेटा लागतो. वाटण्यानं झिजलेला दगड नेमका असाच झिजतो, हे तुला दाखवावं लागेल. मॅसॅच्युसेट्समध्ये असा दगड कुठून आणणार?"

त्यांना वाटलं, प्रश्न तिथे मिटला.

श्रूजबरीला परतले त्याच संध्याकाळी मी वर गेले. काकू टीव्ही बघत होत्या.

"काकू, मला तुमचा पाटा आठवडाभर हवाय. मोजायला."

"पाटा? अगं, शो-पीस आहे तो! स्क्रॅच पडेल."

"नाही पडणार. आणि काकू, तो हँड-कार्व्हड नाही. त्याला टाकी लावलेली आहे. तुमच्या सासूबाईंच्या दारात कुणीतरी बाई बसून ते काम करून गेलीय. माझी आई तेच काम करते. मी पिशवी घेऊन तिच्याबरोबर फिरायचे."

बोलून झालं. मी वाट बघत होते. चेहरा पडेल, नजर चुकवली जाईल, खोली सोडायला सांगतील. यातलं काहीच झालं नाही. काकूंनी दोन्ही हात एकमेकांवर आपटले.

"अय्या, किती क्यूट! मग आई इकडे आल्या की मंडळात वर्कशॉप ठेवू या ना! मुलांना इतकी मजा येईल. छोटे छोटे हातोडे देऊ सगळ्यांना."

एवढ्यासाठी मी दीड वर्ष तोंड दाबून होते! या माणसांना माझी लाज वाटेल म्हणून घाबरत होते, आणि त्यांची तर काही वाटून घ्यायचीच तयारी नव्हती. काकांनी पाटा उचलून खाली आणून दिला, तेवढे ते उपयोगी.

आठवडाभर मी बेसमेंटमध्ये पाट्यासमोर बसले. पिनांच्या कंगव्यासारखं एक साधं अवजार असतं. दगडावर दाबलं की पिना सरकून त्याचा उतार जसाच्या तसा उमटतो. लुक्कातल्या फरशीचे उतार मी आणलेच होते. दोन्ही कागदांवर काढून एकावर एक ठेवले. बसणाऱ्या बाजूला उथळ, मधे खोल, पलीकडच्या टोकाला अचानक चढ. ओरखडे सगळे लांबीच्या दिशेनं, वरवंटा पुढे-मागे जातो तसे. लुक्काचा पाटा जास्त रुंद आणि जास्त खोल होता, पण वळण तेच. गुडघ्यांच्या गणितातून आलेला खड्डा यांच्या शेजारी ठेवला तर बशीसारखा दिसत होता.

फेब्रुवारीपासून मी प्रबंध नव्यानं लिहिला. प्रोफेसर आडवे आले नाहीत, हे मान्य करते. त्यांनी आकडे स्वतः पुन्हा तपासले, आणि एके दिवशी मीटिंगमध्ये, "आम्हाला असं आढळलं, की ही फरशी रंग वाटण्याची आहे," असं म्हणाले. आम्हाला. मी नागपूरच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. आईचं नाव आभारात घाल, असं प्रोफेसरांचं म्हणणं.

"आभारात सगळेच आई घालतात," मी म्हटलं. "आईनं डबा केला म्हणून नाही मी तिचं नाव लिहीत. दगड तिनं ओळखला. तिनं सांगितलं ते मी मुलाखत म्हणून लिहून घेतलंय, ते संदर्भांत जाणार."

"ती तज्ज्ञ आहे हे कशावरून म्हणायचं?"

"तिनं तुमच्या पुस्तकातली चूक व्हिडिओ कॉलवर पकडली, यावरून."

यावर ते "इंटरेस्टिंग" म्हणाले नाहीत. त्यांनी पेन काढलं आणि प्रबंध सादर करायच्या फॉर्मवर सही केली.

डिफेन्सला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, तीन परीक्षक होते. त्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, टाकी दोनदा लावलीय हे कशावरून ठरवलं? मी मोठे करून काढलेले फोटो लावले, फिक्या रांगा आणि ताज्या रांगा दाखवल्या, आणि आईनं सांगितलं तसंच सांगितलं. त्या उठून पडद्याजवळ आल्या, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अर्थातच." बाहेर पाठवून त्यांनी मला वीस मिनिटं ताटकळत ठेवलं. मग आत बोलावलं आणि तिघांनी हात मिळवले. दोन तक्ते सुधारायला सांगितले, बाकी मान्य.

त्या रात्री आईला फोन केला, तेव्हा तिकडे सकाळ होती आणि ती कराडजवळच्या मसूरच्या बाजारात होती. "पास झालीस ना?" तिनं विचारलं.

"झाले. तुझं नाव माझ्या पुस्तकात छापलंय."

"बरं झालं. ते सर काय म्हणत्यात?"

"काही नाही म्हणत आता."

"मग ठीक हाय. ठेव, गिऱ्हाईक आलंय."

त्या मे महिन्यात मला मास्टर्सची पदवी मिळाली. प्रोफेसरांनी पुस्तकातलं गुडघ्यांचं प्रकरण काढून टाकलं. मी आता बॉस्टनजवळच्या एका कंपनीत जुन्या इमारतींचे दगड तपासते, आणि माझ्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत, दोन प्राध्यापकांच्या मधे, वर्णानुक्रमानं, माझ्या आईचं नाव आहे.